उंबऱ्यावरची वायर

वाचकहो, संगणकाला बिनतारी इंटरनेट कसे जोडावे, हे आपल्याला शिकवण्याचा कोणताही अधिकार माझ्याकडे नाही. मी कोकणातील एका लहान गावात गेली २८ वर्षे दवाखाना चालवणारा एक साधा कुटुंबवैद्य आहे. ताप, खोकला, मधुमेह आणि रक्तदाब यांपलीकडच्या विषयावर लेखणी उचलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तरीही आज अंगठ्याच्या नखाएवढ्या एका वस्तूविषयी मला लिहायचे आहे. ती वस्तू माझ्या घरात यायला तीन वर्षे उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत माझ्या आईच्या उजव्या मनगटाने मोजली.

आमचे घर जुने, जांभ्या दगडाचे आहे. पुढे ओटी, मध्ये माजघर आणि माजघराला लागून आईची खोली. आईचे वय ८१. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, परंतु दृष्टिपटलाचा मध्यबिंदू वयोमानाने झिजलेला. या विकारात माणूस आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते, पण नेमके जिथे पाहावे तिथे धूसर डाग येतो. अक्षरे तुटतात, चेहरे पुसट होतात. मोबाइलच्या पडद्यावरचा चेहरा तिला ओळखू येत नाही. म्हणून तिच्या खोलीत मी घरचा जुना संगणक, मोठ्या पडद्यासह, मांडून दिला होता. माझी धाकटी बहीण इंदूरला असते. रोज दिवेलागणीनंतर सात वाजता ती त्या पडद्यावर अवतरे आणि मायलेकींच्या अर्धा तास गप्पा होत. कोणी काय रांधले, कोणाच्या घरी कोण आले, याखेरीज त्यांत काही नसे. परंतु आईचा अख्खा दिवस त्या अर्ध्या तासाच्या खुंटीला टांगलेला असे.

इंटरनेटचे यंत्र, म्हणजे राउटर, ओटीवर होते, कारण फायबरची तार तिथूनच घरात येते. आणि त्या जुन्या संगणकात बिनतारी संदेश पकडण्याची सोयच नव्हती. तेव्हा १५ मीटर लांबीची करड्या रंगाची केबल आणून मी ती भिंतीच्या कडेने माजघरातून नेली, आईच्या दाराशी आडवी टाकली आणि चिकटपट्टीने जमिनीला बसवली. ‘तात्पुरती’ असा शब्द मी त्या दिवशी सौ.ला उद्देशून वापरल्याचे मला पक्के आठवते. घराघरांतून जे कायमचे म्हणून राहते, त्यातले पुष्कळसे असेच तात्पुरते म्हणून आलेले असते.

माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षा-खोलीत एक छापील कागद लावलेला आहे. घरात वृद्ध माणूस असेल तर पायपुसणी घसरती नकोत, न्हाणीघरात धरायला दांडी हवी, रात्री मिणमिणता दिवा हवा आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर वायरी नकोत, असे त्यावर लिहिले आहे. तो मजकूर मीच तयार केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे केवळ पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक वाटा साठीपुढच्यांचा असतो. हेही मी रुग्णांच्या मुलांना ऐकवत आलो आहे. ऐकवून घरी यायचो आणि त्या केबलवरून टांग टाकून चहा प्यायला आत जायचो.

ज्येष्ठातली संध्याकाळ होती. पावसाळी हवेने चिकटपट्टीचा डिंक सुटला होता आणि दाराशी केबलचा बोटभर उंच फास झाला होता. आई देवापाशी दिवा लावून येत होती. खोलीतून संगणकाची घंटी वाजू लागली, तशी ती घाईने निघाली. करडी केबल, करडी शहाबादी फरशी, डोळ्यांपुढे धूसर डाग. तिचा पाय फासात अडकला आणि तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात पुढे टेकला.

मी पोहोचलो तेव्हा तिचे मनगट पालथ्या काट्या-चमच्यातील काट्यासारखे दिसत होते. अब्राहम कोलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये या मोडाचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. नुसत्या नजरेने ओळखू यावा असा हा मोड असतो. मीही ओळखला. माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने भूल देऊन हाड बसवले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. “खुबा वाचला, नशीब समज,” एवढेच तो मला म्हणाला. यावर मी काय बोलणार?

त्या रात्री मी केबल उपटून, गुंडाळी करून माळ्यावर फेकली. नंतर आईजवळ बसलो. कोणत्याही वृद्ध रुग्णाला विचारतो तो प्रश्न तिला विचारला.

“आई, याआधी कधी अडखळली होतीस?”

“दोनदा. पण पडले नव्हते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांगितलं असतं तर तू वायर काढली असतीस. मग धाकटी दिसली नसती.”

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणसे विसरतात, म्हणून सांगत नाहीत, असे आपण समजतो. त्यांना पुष्कळदा सारे आठवत असते. सांगितल्यावर आपण काय काढून घेऊ, याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. चक्कर येते म्हटले तर एकटीने देवळात जाऊ देणार नाहीत, दिसत नाही म्हटले तर शेगडीपाशी उभे राहू देणार नाहीत. आणि तिचा हिशेब अगदी बरोबर ठरला होता. मी वायर काढली होती, तीही तिच्या जागी दुसरी सोय न करता.

वैद्यकीय बाजू मी नेटाने सांभाळली. झोपलेल्या स्थितीतील आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतील असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा २४ ने उतरत होता. तो २० किंवा अधिक उतरला तर दखल घ्यावी लागते. तिच्या गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलली. हाडांची घनता तपासली, ती उणे ३.१ निघाली. उणे २.५ वा त्याहून खाली म्हणजे अस्थिभंगुरता. त्याचे उपचार सुरू केले, जे खरे तर दहा वर्षे आधी सुरू व्हायला हवे होते. परंतु चौथ्या आठवड्यात सौ.ने मला जे सांगितले ते कोणत्याही तपासणीत दिसणारे नव्हते. “त्या सात वाजले की घड्याळाकडे बघतात आणि अंथरुणावर जाऊन पडतात,” ती म्हणाली. बहिणीचा फोन येत होता. आई तो डाव्या हाताने कानाला लावी, ‘बरी आहे’ म्हणे आणि दोन मिनिटांत सौ.कडे देई. जेवण निम्म्यावर आले होते. प्लास्टरमुळे हात अडतो म्हणून जेवत नाही, असे मी गृहीत धरले होते.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून ती नखाएवढी वस्तू आणली. यूएसबी वायफाय अडॅप्टर असे तिचे नाव. संगणकाच्या खाचेत ती खोचली की ओटीवरच्या राउटरशी बिनतारी बोलणे सुरू व्हावे, अशी अपेक्षा. खर्च दवाखान्यातील चार रुग्णांच्या फीएवढा. तीन वर्षे मी ज्या कामाला वेळ नाही म्हणत होतो, ते काम एवढेच होते. मात्र ते दोन मिनिटांत झाले, असे सांगितले तर ती लबाडी होईल.

संगणकाचा डबा टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून होता. गुडघे टेकून मी अडॅप्टर मागच्या खाचेत खोचला. पडद्यावर वायफायची खूण उमटली नाही. त्याऐवजी एक नवीनच सीडी ड्राइव्ह दिसू लागली! माझ्या संगणकाच्या सीडीचा कप्पा खाऱ्या हवेने गंजून कधीच बंद पडला होता, मग ही कुठली? वस्तू सदोष आहे, असे निदान करून मी ती परत करायला निघालो होतो. तेवढ्यात पुण्यात शिकणाऱ्या आमच्या कन्येचा फोन आला. “बाबा, त्या ड्राइव्हच्या आत काय आहे ते उघडून पाहिलंत का?” तिने विचारले. पाहिले नव्हते. तपासण्याआधी निदान करू नये, हे मी कनिष्ठ डॉक्टरांना शिकवतो.

तर त्याचे असे आहे. संगणकाला कोणतेही नवे यंत्र जोडले की त्याच्याशी कसे बोलावे हे सांगणारी एक लहानशी आज्ञावली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक अडॅप्टरांचा ड्रायव्हर संगणकात आधीच असतो किंवा तो इंटरनेटवरून आपोआप उतरतो. पण ज्याला इंटरनेटच नाही, त्याने तो उतरवायचा कसा? ही जणू कुलुपाची किल्ली पेटीत ठेवून पेटीलाच कुलूप लावल्याची गत. म्हणून काही अडॅप्टर आपला ड्रायव्हर पोटातच घेऊन येतात आणि पहिल्यांदा खोचल्यावर सीडीचे सोंग घेतात. त्या सोंगावर दोनदा टिचकी मारली, आतली आज्ञावली बसवली, की सोंग उतरते आणि मूळ रूप प्रकटते. माझ्याकडे तसेच झाले. आपल्या अडॅप्टरात अशी सोय नसेल, तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणकाला तेवढ्यापुरते मोबाइलचे इंटरनेट मिळते आणि ड्रायव्हर उतरवता येतो. अडॅप्टर ओळखला गेला की नाही, हे ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाच्या यादीत दिसते. तिथे नावापुढे पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह असेल तर बहुधा ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे. आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्यापुढे तारा असतो, तसेच ते.

राउटरचे नाव दिसू लागले, सांकेतिक शब्द घातला, जोडणीही झाली. सात वाजता बहीण पडद्यावर आली आणि तोंड उघडलेल्या स्थितीत गोठली. आवाज तुटत होता. आई पुढे वाकून पाहत होती. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, “राहू दे रे. तू दमला असशील.” आयुष्यभर रुग्णांकडून ऐकलेल्या वाक्यांत याहून टोचलेले वाक्य मला आठवत नाही.

त्या रात्री अकरानंतर मी पुन्हा खाली बसलो. या वेळी तपासणी आधी केली.

ओटी आणि आईची खोली यांमध्ये जांभ्याच्या दोन भिंती आहेत, प्रत्येक हातभर जाड आणि पावसाळ्यात पाणी धरून असलेली. पाणी या लहरी शोषून घेते. बिनतारी संदेश २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन मुख्य पट्ट्यांवर चालतो. पाचाचा वेग अधिक, परंतु भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. दोन पूर्णांक चारचा वेग कमी, पण तो अडथळ्यांतून बऱ्यापैकी पार होतो. मोठा आकडा म्हणजे चांगला, अशा समजुतीने मी पाचाची निवड केली होती. ती बदलली. रेघ एकाची दोन झाली.

दुसरी चूक जागेची होती. मी अडॅप्टर पोलादी डब्याच्या मागे, भिंत आणि डबा यांच्या बेचक्यात खोचला होता, म्हणजे धातूच्या आडोशाला बसवून त्याला ऐकू येत नाही म्हणत होतो. तिसरी गोष्ट मला मुळीच ठाऊक नव्हती. शेजारच्याच निळ्या यूएसबी खाचेत दवाखान्याच्या नोंदींची प्रत ठेवणारी हार्ड डिस्क लावलेली होती. निळ्या खाचा बहुधा यूएसबी ३ प्रकारच्या असतात. त्यांतून माहिती वाहत असताना जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच प्रसिद्ध केले आहे. म्हणजे कुजबुज ऐकायला बसवलेल्या माणसाच्या कानाशी ढोल वाजत होता.

एक मीटर लांबीची यूएसबीची जोडवायर आणली, अडॅप्टर तिच्या टोकाला लावून टेबलावर, पडद्याच्या बाजूला, दाराच्या दिशेने उभा केला. हार्ड डिस्क काढून ठेवली. रेघा तीन झाल्या. ती जोडवायर टेबलाच्या पायाला बांधून वर नेली आहे, जमिनीला ती कुठेही टेकत नाही, हे आवर्जून सांगतो. आणखी एक लहानशी खोड पुढे दोन दिवसांनी उमगली. संगणक वापरात नसला की वीज वाचवण्यासाठी तो अडॅप्टरला झोपवत असे आणि मग संध्याकाळी जोडणी लागत नसे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या नावावर जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’मधील पहिल्या ओळीसमोरची खूण काढली, तेव्हा ते थांबले.

हे सारे दवाखान्यात सांगितले, तेव्हा एका रुग्णबाईंनी विचारले, “डॉक्टर, पण म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत ते किरण बरे का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथेही देतो. वायफायच्या लहरी रेडिओलहरींच्या कुळातील असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. रेणूंचे बंध तोडण्याएवढी ऊर्जा त्यांत नसते आणि अशा अडॅप्टरची शक्ती मिलीवॉटमध्ये मोजण्याइतकी अल्प असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, हे खरे. त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्ण फिटलेली नाही, एवढाच. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही त्याच गटात आहे. उलट आईच्या मनगटाची क्ष-किरण छायाचित्रे तीनदा काढली गेली. ते किरण खरोखरच बंध तोडणारे असतात. ती आवश्यकच होती आणि त्यांची मात्राही नगण्य, पण त्यांविषयी मला कोणी विचारले नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर आईच्या खोलीतील त्या लहरींपेक्षा दारातली केबल हजारपट घातक होती. मात्र घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर मोबाइल आणि अशी उपकरणे छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावीत आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

प्लास्टर निघाले. मनगट किंचित वाकडे राहिले आहे. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम ती करते, कंटाळली की चेंडू उशीखाली लपवते. भाकरी थापणे मात्र सुटले. ते परत येईल असे मी तिला सांगतो, कारण सांगावेसे वाटते.

आता सात वाजता घंटी वाजली तरी मी तिला घाई करू देत नाही. बहिणीलाही सांगून ठेवले आहे की, आई येईपर्यंत वाजत राहू दे. परवा मी दवाखान्यातून लवकर आलो होतो आणि माजघरात बसून होतो. आई देवापाशी दिवा लावून निघाली. दाराशी आल्यावर तिने डाव्या हाताने चौकट धरली, खाली न पाहता उजवा पाय वीतभर उंच उचलला आणि जिथे आता काहीच नाही, ते ओलांडून ती आत गेली. आतून बहिणीचा आवाज आला, “आई, हात दाखव बघू.” मी उठून दाराशी गेलो. पडद्यावरचा चेहरा हलत होता, बोलत होता. आईने ते वाकडे मनगट वर धरले होते आणि ती ते सावकाश, दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवत होती.